शेजाऱ्याचा डबा

"काय गं तांबडे, काही माणसांना आपलं शेण कुठलं आणि दुसऱ्याचं कुठलं, एवढंसुद्धा कळत नाही, नाही का?" मी माझ्या गाईला विचारलं. चांगलं मोठ्यानं विचारलं. तांबडी बिचारी रवंथ करत उभी होती, तिला काय घेणंदेणं!

भिंतीपलीकडून उत्तर आलं, तेही गाईलाच. "ढवळे, तू मनाला लावून घेऊ नकोस हं. काही जणींची जीभ उजाडल्यापासून मोकाट चरायला सुटलेली असते."

"तांबडे, जीभ मोकाट असलेली परवडली गं. गुरं मोकाट सुटून दुसऱ्याच्या दारात घाण करतात, ते वाईट."

"ढवळे, दार कुणाचं, ते वाटणीच्या वेळी विचारायला हवं होतं, नाही का?"

झालं! वाटणीचं नाव निघालं की माझं डोकंच फिरतं. मी शेणाची पाटी दाणकन आपटली.

पलीकडची ती माझी धाकटी जाऊ. भावाभावांची वाटणी झाली तेव्हापासून आमचं बोलणं बंद. जमिनीवरून नाही, घरावरून नाही, वैरण कापायच्या यंत्रावरून. चार म्हाताऱ्या शहाण्या माणसांनी न्याय केला: यंत्र धाकट्याला, यंत्राचा दांडा थोरल्याला. म्हणजे वैरण कापायला दोन्ही घरं एकत्र येतील आणि गोडीत राहतील, असं त्यांचं डोकं चाललं. गोडी राहिली बाजूलाच. तेव्हापासून ती विळ्यानं वैरण कापते आणि मीही विळ्यानंच कापते. यंत्र तिच्याकडं गंजतंय, दांडा माझ्याकडं कोपऱ्यात उभा. पण मागायचं कुणी? मी थोरली. थोरलीनं मागायचं असतं का?

दोन्ही गोठ्यांत भिंत एकच, आणि तिच्या वरच्या दोन विटा कधीच्या पडलेल्या. त्या फटीतून मला तिचा सगळा गोठा दिसतो आणि तिला माझा.

"मी आत येऊ का? का आधी गाईंची परवानगी काढावी लागेल?"

वळून बघते तर गुरांचा डॉक्टर दारात उभा. गुडघ्यापर्यंत चिखल, खांद्याला लशीची पेटी, चेहरा असा की यालाच कुणीतरी औषध द्यावं. पाऊस थांबला होता, पण आमची काळी माती एकदा ओली झाली की पायातली चप्पल मागून घेते, परत देत नाही. त्याची एक चप्पल आमच्या वळणावरच राहिली होती.

डॉक्टर मनाचा चांगला. सगळ्या खोऱ्याला तो एकटाच. "सरकारनं मला सगळ्या गुरांवर नजर ठेवायला सांगितलंय," तो म्हणायचा, "आणि नजर तेवढी माझी मलाच आणायला सांगितलीय. चष्मासुद्धा पदरचा." प्रयोगशाळा लांब, हाताखाली माणूस नाही, फटफटीला तेल मिळेल तेव्हा मिळेल. आणि काम काय, तर रोग गावात शिरल्या शिरल्या ओळखायचा.

रोग म्हणजे मुख्य लाळ्या-खुरकत. जनावराच्या तोंडाला फोड येतात, लाळ गळते, खुरं चिघळतात. मोठं जनावर त्यातून उठतं, पण कोवळी वासरं उभ्या उभ्या जातात. एका साली आमच्या गावात ती साथ अशी फिरली की त्या हंगामातलं एकही वासरू उरलं नाही. गाई रिकाम्या खुंट्याकडं बघून हंबरायच्या आणि बायका घरात कानात बोटं घालून बसायच्या. मी तो आवाज ऐकलाय. शत्रूच्या गोठ्यातसुद्धा तो नको.

आणि तरी कुणी आपलं आजारी जनावर सांगायला तयार नाही. कसं सांगणार? सांगितलं की डॉक्टर जनावर बाजूला बांधणार, त्या घरचं दूध डेअरीत घेणार नाहीत, बाजाराला न्यायची बंदी, आणि गावभर नाव. त्यापेक्षा झाकली मूठ सव्वा लाखाची. डॉक्टरनं डेअरीपुढं गाव गोळा करून विचारलं होतं, "कुणाकडं काही आजार?" तर सगळे म्हणाले, "छे, आमच्याकडं सगळं ठणठणीत." तेवढ्यात मागं कुणाची तरी शेळी अशी खोकली की डॉक्टरलाच ठसका लागला. म्हणून तो आता घरोघर हिंडत होता.

"तुमच्या गाईला काही?" त्यानं मला विचारलं.

"माझ्या गाईला काय धाड भरलीय! पलीकडं जाऊन बघा. ढवळी कालपासून उजवा मागचा पाय उचलून टेकवतेय. शेळीच्या कानात गोचिडी आहेत. आणि काळी कोंबडी मान टाकून बसलीय."

तो पलीकडं गेला. मी फटीशी कान लावला.

"माझ्याकडं सगळं ठीक आहे," धाकटी म्हणाली. "पण तिकडच्या तांबडीची कास एका बाजूनं सुजलीय. धार काढताना लाथ झाडते. त्यांनी सांगितलं नसेल. सांगणार नाहीतच."

खोटं कशाला बोलू, सुजली होती.

डॉक्टरनं ढवळीचा पाय बघितला, शेळीचा कान बघितला, परत येऊन माझ्या तांबडीची कास बघितली. मग आमच्या दारातल्या दगडावर बसला आणि एकटाच हसायला लागला. मला वाटलं, चालून चालून भ्रमिष्ट झाला बिचारा. मी पाणी दिलं.

"काकू," तो म्हणाला, "मी आजवर लोकांना उलटाच प्रश्न विचारत होतो."

पुढच्या आठवड्यात डेअरीच्या मागच्या भिंतीला डबे टांगले गेले. रंगाचे, तेलाचे, भंगारातले रिकामे डबे. प्रत्येक घराचा एक, त्यावर त्या घराची खूण. आमच्या डब्यावर शिडी, धाकटीच्या डब्यावर चंद्रकोर. पुढं गोणपाटाचा पडदा, म्हणजे आत कोण काय करतंय ते दिसायला नको. नियम साधा होता. स्वतःच्या गुरांचं काही सांगायचं नाही. शेजाऱ्याचं जनावर लंगडलं, लाळ गाळू लागलं, चारा सोडून उभं राहिलं, तर त्याच्या डब्यात एक खडा टाकायचा. टाकणाऱ्याचं नाव कुणी विचारायचं नाही. डेअरीचा मापाडी रोज डबे बघणार आणि डॉक्टरला फोन करणार.

"दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ आपल्याला बरोबर दिसतं," डॉक्टर म्हणाला. "तेवढंच मला पाहिजे."

खर्च विचाराल तर काही नाही. डबे भंगारातले, खडे रस्त्यावरचे आणि जळफळाट गावाचा स्वतःचा.

पहिल्या दिवसांत काय गंमत झाली म्हणून सांगू! गावात खडा शोधून मिळेना. पुढाऱ्याचा डबा तर काठोकाठ भरला. त्याच्याकडं एक म्हातारं मांजर सोडलं तर चार पायांचं काही नाही. डॉक्टर धावत आला आणि मांजर तपासून गेला. गिरणीवाल्यानं ज्यांना ज्यांना पीठ जाडं दळून दिलं होतं, त्या सगळ्यांनी त्याच्या डब्यात खडे टाकले. शिवणवालीनं कुणाचं तरी झंपर घट्ट शिवलं, तर तिच्या दोन शेळ्यांना गावानं मरणपंथाला लावलं.

"डॉक्टर, बंद करा हे," मापाडी म्हणाला. "हा गुरांचा रोग नाही, माणसांचा आहे."

"असू दे. खोट्या हाकेला दहादा जाईन, खरी एक चुकायला नको," डॉक्टर म्हणाला. मग त्यानं एक युक्ती काढली. आला की आधी मापाड्याला विचारायचा, "काल कुणाचं कुणाशी वाजलं?" आणि त्या हिशेबानं तेवढे खडे सोडून द्यायचा. पण आमच्या दोघींच्या डब्यांतला खडा त्यानं कधी सोडून दिला नाही. आमचं तर रोजच वाजायचं, पण खोटा खडा मी कधी टाकला नाही आणि तिनंही नाही. खोटा कशाला टाकायचा? खरं सापडल्याशिवाय मजा नाही.

"खोऱ्यात माझी दोनच भारी यंत्रं आहेत," डॉक्टर लोकांना सांगायचा, "आणि दोन्ही एकाच भिंतीला आहेत."

मग ती सकाळ उजाडली. धुकं असं पडलेलं की पुढचं माणूस दिसेना. मी दूध घालून गोणपाटाच्या आत शिरले, चंद्रकोरीच्या डब्यात हात घातला, तर शेजारी शिडीच्या डब्यात दुसरा हात! हात ओळखीचा. बांगडीही ओळखीची.

दोघी थिजलो. तिथं गाय नव्हती, बोलायचं कुणाशी?

शेवटी धाकटीच बोलली. "तांबडीला काय झालंय, मी सांगणार नाही."

"नको सांगूस. पाणी कमी पितेय, मला माहितेय."

"तुम्ही माझ्या डब्यात काय टाकलंत?"

"ढवळी रात्रभर डाव्या कुशीवर होती. एरवी उजव्या कुशीवर बसते."

ती माझ्याकडं बघतच राहिली. "जाऊबाई, ती उजव्या कुशीवर बसते हे तर मलासुद्धा माहीत नव्हतं."

"मग! रोज बघते मी."

"आणि तुम्ही हल्ली उठताना गुडघ्यावर हात ठेवून उठता. डावा दुखतोय ना?"

आता गं बया! माझ्या घरात माणसं काय कमी आहेत? पण माझा गुडघा दुखतो हे एकालाही दिसलं नव्हतं. आमच्या ह्यांनी इतक्या वर्षांत माझ्याकडं जेवढं बघितलं नाही, तेवढं ह्या बाईनं एका फटीतून बघितलं होतं. मला एकदम हसू फुटलं. ती पण हसली. मग दोघी इतक्या हसलो की बाहेर मापाड्यानं माप सांडलं.

त्या दिवशी मी दांडा घेऊन तिच्या अंगणात गेले. यंत्राला तेल घातलं, दांडा बसवला, आणि एक दांडा ओढतेय, दुसरी वैरण सारतेय, असं दोन्ही घरांचं काम दुपारच्या आत उरकलं. आमचे हे आणि भावजी दारात उभे राहून तोंडात माशी जाईल असे बघत होते.

आमचं बघून गावात गोडीची साथच आली. लोक म्हणाले, ह्या दोघी बोलायला लागल्या, मग आपणच काय घोडं मारलंय? गिरणीवाल्यानं पीठ बारीक दळायला घेतलं. पुढाऱ्यानं चार लोकांना चहा पाजला. आणि डबे रिकामे. रोज रिकामे.

डॉक्टर आला तो डोक्याला हात लावूनच. आम्ही दोघी यंत्रापाशी होतो.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला समेट करायला?"

"अहो, कसलं हे बोलणं!" मी म्हणाले. "गाव गुण्यागोविंदानं नांदतंय तर तुमच्या पोटात का दुखतं?"

"काकू, डबा रिकामा असला की त्याचे दोन अर्थ होतात. गुरं धडधाकट आहेत, नाहीतर माणसं एक झालीत. मला लांबून दोन्ही सारखंच दिसतं."

मी तेव्हा ते हसण्यावारी नेलं.

धाकटीच्या भावानं तिला एक कालवड पाठवली. कोवळी, मऊ कातडीची, मोठ्या डोळ्यांची. धाकटीला माहेराहून वर्षानुवर्षं काही आलं नव्हतं, आणि ते ती कुणाला कळू द्यायची नाही. आता ती कालवडीला घेऊन गावातून अशी मिरवली की मलाच भरून आलं. "माझ्या भावानं पाठवली," हे तिनं विहिरीवर सांगितलं, डेअरीत सांगितलं, रस्त्यावरच्या अनोळखी माणसालाही थांबवून सांगितलं.

दोन-चार दिवस गेले आणि मला फटीतून कालवडीच्या तोंडाला फेस दिसला. खाली माती ओली. कालवड एक पाय टेकवे, झटके, पुन्हा टेकवे. ह्या हंगामात गावात घरटी एक वासरू होतं. माझी तांबडी आज-उद्या विणार होती.

मी धावत पलीकडं गेले. धाकटी कालवडीच्या गळ्यात हात घालून बसली होती. रडून रडून डोळे सुजलेले.

"जाऊबाई, सांगू नका."

"अगं वेडे, डॉक्टरला बोलवायला हवं. आत्ताच्या आत्ता."

"लोक म्हणतील, हिच्या माहेरनं गावात रोग पाठवला. इतक्या वर्षांनी भावाला आठवण झाली, आणि त्याला हे ऐकायला लागायचं? पुन्हा तो माझ्या दारात पाऊल टाकेल का?" आणि काही कळायच्या आत तिनं माझा हात उचलून स्वतःच्या गळ्यावर ठेवला. "माझ्या गळ्याची शपथ आहे तुम्हाला. तोंडातून शब्द काढायचा नाही, आणि माझ्या डब्यात खडा टाकायचा नाही."

आता काय करता! हात तिच्या गळ्यावर, आणि गळा धडधडतोय. मी कबूल झाले. झाले आणि घरी येऊन भिंतीला टेकून बसले. बोलावं तर जाऊ जाते, गप्प बसावं तर वासरं जातात. अशा वेळी माणसानं भिंतीवर डोकं आपटावं, पण भिंत आधीच मोडकी.

मग मी ठरवलं, आपण नाही, दुसऱ्या कुणीतरी बघावं. शिवणवालीला बोलावलं. "बघ गं, ही फट बुजवायला कापड केवढं लागेल?" तिनं फटीला डोळा लावला, पुष्कळ वेळ लावला, आणि म्हणाली, "कापडानं कशी बुजेल? विटा लावा." आणि गेली. एरवी हीच बाई अख्ख्या गल्लीत कुणाच्या घरी काय शिजलं ते वासावरून सांगते! गिरणीवाल्याला पीठ घेऊन थेट धाकटीच्या गोठ्याच्या दारातून यायला लावलं. तो म्हणाला, "छान आहे कालवड." शेवटी आमच्या ह्यांना पाठवलं, कोंबडी तिकडं गेलीय म्हणून. कोंबडी काखेत घेऊन परत आले.

"कालवड बघितलीत?"

"बघितली की. काय चकचकीत तोंड आहे!"

मी कपाळावर हात मारला. ह्या माणसाबरोबर मी संसार केला!

संध्याकाळ झाली. वारा पडला होता, पाण्याच्या टाक्यावर अख्ख्या गावाची गुरं येऊन पीत होती, आणि उद्या धाकटीला कालवड टाक्यावर न्यावीच लागली असती, नाहीतर लोकांनी विचारलं असतं. मी डेअरीकडं निघाले. वाटेत एक खडा उचलला. गोणपाटाच्या आत शिरले. चंद्रकोरीच्या डब्याला हात लावला नाही. शपथ म्हणजे शपथ. शिडीच्या डब्यात, म्हणजे माझ्याच डब्यात, खडा टाकला आणि घरी आले.

दिवस उगवायला डॉक्टर हजर. तांबडीचं तोंड उघडून जीभ बघितली, खुरं बघितली, ताप बघितला.

"काकू, गाय ठणठणीत आहे. हा खडा कुणी टाकला?"

"नाव विचारायचं नाही, असा नियम आहे ना?"

तो माझ्याकडं बघत राहिला. मी वर आढ्याकडं बघत राहिले.

"मला शपथ आहे, डॉक्टर. मी शेजाऱ्याचं काही सांगणार नाही. पण ज्याच्या डब्यात खडा, त्याच्या शेजारचा गोठाही तुम्ही तपासता ना?"

"आजपासून तपासतो," तो म्हणाला आणि पेटी उचलून पलीकडं गेला.

पुढचं भराभर झालं. दोन्ही घरांभोवती बंदीची दोरी बांधली, दोन्ही घरची गुरं आतच. टाक्यावर पाणी बंद, ज्यानं त्यानं घरी पाजायचं. डॉक्टरनं लशीची पेटी आणवली आणि आमच्या गल्लीपासून सुरू करून गावभर टोचत सुटला. दुखणं कुठल्या घरचं, ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. शहाणा माणूस.

पण गावाला सांगायला कशाला लागतं? खडा शिडीच्या डब्यात होता, मापाड्यानं बघितला होता. म्हणजे रोग थोरलीकडं. आणि टाकला कुणी असणार? भिंतीला लागून एकच घर.

"थोरलीनं गावात रोग आणला!" शिवणवाली दोरीपलीकडून ओरडली. "आणि लपवून ठेवला!"

"धाकटी मात्र खरी," गिरणीवाला म्हणाला. "नव्यानं गोडी झालेली, तरी तिनं भीड धरली नाही. माहेरचं वळणच तसं असणार."

"माहेर पाहावं तर असं," पुढारी म्हणाला.

मी आत तांबडीच्या पाठीवर हात फिरवत सगळं ऐकत होते. अंगाचा नुसता तिळपापड झाला. शिव्या मला आणि कौतुक हिच्या माहेराला! बरं, शिव्या खाईन म्हणून मीच ठरवलं होतं, ते खरं. पण ही पलीकडं बसून कौतुक ऐकतेय आणि तोंडातून एक शब्द नाही? रोज वाटायचं, आज बोलेल. दिवस जायचा, बोलायची नाही. फटीतून बघितलं तर तिकडं तोंड करून कालवडीचे पाय धूत बसलेली. मला रडू आलं. गुडघ्यामुळं नाही.

तांबडी व्यायली. पाडी झाली, कपाळावर पांढरा ठिपका. पलीकडून काही आवाज आला नाही.

कालवड उठली. खाऊ लागली. गावात दुसरीकडं कुठंही लाळ दिसली नाही, एकाही घरचं वासरू दगावलं नाही. डॉक्टरनं दोरी सोडली आणि आम्ही पहिल्यांदा दूध घेऊन डेअरीवर गेलो. मी पुढं, धाकटी मागं, मध्ये चार हात अंतर. लोक मला वाट देत होते ती आदरानं नाही, अंग चोरून.

"या, या!" मापाडी धाकटीला म्हणाला. "तुमच्यामुळं गाव वाचलं. तुमच्या भावाला आमचा निरोप सांगा, बहीण लाख मोलाची आहे म्हणावं."

धाकटीनं दुधाची किटली खाली ठेवली. गोणपाटाचा पडदा धरून असा ओढला की खिळ्यासकट खाली आला. सगळ्यांच्या देखत शिडीच्या डब्यात हात घातला, तो खडा काढला आणि चंद्रकोरीच्या डब्यात टाकला. खण्णकन वाजला.

"रोग माझ्या गोठ्यात होता," ती म्हणाली. "माझ्या माहेरच्या कालवडीला. लपवला मी. ह्यांनी स्वतःच्या डब्यात खडा टाकून घेतला आणि तुमच्या शिव्या खाल्ल्या. आता काय म्हणायचं ते माझ्या माहेराला म्हणा. मी इथं उभी आहे."

मग शिवणवाली हळूच म्हणाली, "मला दिसलं होतं गं, फटीतून. म्हटलं, आता गोडी झालीय, कशाला आपण तोंड वाईट करा."

"मलाही दिसलं होतं," गिरणीवाला म्हणाला.

"लाळ तर मी पण बघितली," आमचे हे म्हणाले. चकचकीत तोंडवाले!

हळूहळू कळलं की अर्ध्या गावाला दिसलं होतं. डॉक्टर डेअरीच्या पायरीवर बसला. "गोडी," तो म्हणाला, "गोडीनं मेलो असतो." मग उठून त्यानं गोणपाट पुन्हा टांगलं, आणि टांगता टांगता सांगितलं की यापुढं ज्याच्या डब्यात खरा खडा निघेल, त्या घराला लस पहिली. हे त्यानं बोलायला नको होतं. दुसऱ्या दिवशी निम्म्या गावानं आपापल्याच डब्यात खडे टाकले. पुढाऱ्यानंसुद्धा. मांजरासाठी.

पण ते नंतर. त्या सकाळी आम्ही दोघी डेअरीवरून परत निघालो. चिखल वाळून वाट कडक झाली होती. घर आल्यावर ती दारात थांबली.

"मी तुमच्यावर रागावलेय," ती म्हणाली.

"मी शपथ मोडली नाही. तोंडातून एक शब्द काढला नाही."

"तेच तर! शब्द काढला असता तर मी भांडले तरी असते. तुम्ही शिव्या खात बसलात. मी इतके दिवस पलीकडं कशी बसले असेन? एक घास उतरत नव्हता."

"मग बोलायचंस."

"तोंड होतं का मला बोलायला?" तिचे डोळे भरले. "आता काही दिवस मी बोलणार नाही तुमच्याशी. मला जमणार नाही."

"बरं," मी म्हणाले. थोरलीनं किती दाखवायचं असतं?

ती आपल्या गोठ्यात गेली. मी माझ्या. वैरण टाकली, पाडीला आचळाशी लावलं. फटीकडं मुद्दाम पाठ करून उभी राहिले.

पलीकडून आवाज आला. गाईला नाही, मलाच.

"जाऊबाई."

"काय गं?"

"बोलणार नाही म्हटलं मी. पण इकडं बघायचं सोडू नका."